भिंतीवरचं घरटं

रंगवलेल्या शाळांना आपल्याकडे 'बोलक्या भिंती' म्हणतात. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या अशा भिंती मी बरीच वर्षं पाहतो आहे. त्या बोलतात हे खरं. पण कुठल्या मुलखाविषयी? दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठाला नारळ, गवतावर सिंह. तापीकाठच्या केळीबागांतून शाळेत येणाऱ्या पोराला नारळाखालचा सिंह दाखवायचा आणि त्याला निसर्गचित्र म्हणायचं!

बहिणाबाईंचंच बघा. सुगरणीवरची त्यांची कविता या भागातल्या भिंतींवर भेटते, आणि भेटायलाच हवी. आसोदा जळगावच्या अगदी जवळ. अक्षर सुबक, शुद्धलेखनही बहुधा नीट. शेजारच्या चित्रात मात्र फांदीच्या बेचक्यात ठेवलेली वाटी आणि तिच्यात तीन अंडी. सुगरणीचा खोपा बेचक्यात बसत नाही. तो दुधीभोपळ्यासारखा लोंबतो, आत जायची नळी खालून असते, आणि विहिरीवर झुकलेल्या बाभळीला असे खोपे आजही दिसतात. कविता त्या टांगलेपणावरच तर उभी आहे. (खोपा विणतो तो नर. बहिणाबाईंनी ते श्रेय मादीला दिलं. कवितेत मला ते मान्य आहे. चित्रकारालाही अशी मुभा असते. पण इथे मुभा घेतलेली नाही, खोपा पाहिलेलाच नाही.)

दोष पेंटरचा नव्हे. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांचं काम फ्लेक्सने नेलं, तेव्हा त्यातल्या काहींना शाळेच्या भिंतींनी हात दिला. मजुरी चौरस फुटावर. 'पक्ष्याचं घरटं काढा' एवढंच सांगितलेलं असतं. मोबाइलवर जे येतं ते भिंतीवर येतं.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे वारली. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्याच्या कितीतरी आधीपासून ही कला जगभर पोचलेली आहे. तिच्याबद्दल तक्रार नाही. पण लग्नाच्या चौकासाठी तांदळाच्या पिठाने काढलेली ती रेघ डहाणू-तलासरीच्या रानातून आलेली आहे. तिच्यातली ताडाची झाडं आणि तारपा तिथले. साक्रीकडच्या कोकणा पाड्यांत डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाला पावरी वाजते. तिथल्या शाळेच्या भिंतीवर तारपा काढला, की मुलांना आपलंच वाद्य परकं होतं.

घुबडाचं तर आणखी मजेशीर आहे. रानपिंगळा हा पक्षी नामशेष झाला असं धरून चालले होते. १८८४नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७मध्ये, तो पुन्हा सापडला शहाद्याजवळ. नंदुरबार जिल्हा व्हायचा होता, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातच. हा पिंगळा दिवसाही शिकार करतो. मी पाहिलेल्या भिंतींवरचं प्रत्येक घुबड मात्र चंद्राखाली बसलेलं आहे, आणि रानपिंगळा एकाही भिंतीवर नाही.

यातलं बरंचसं अजिंठ्यापासून दोन तासांच्या आत घडतं, याचं जास्त वाईट वाटतं. जळगावच्या शाळांची सहल तिथे जातेच. दुसऱ्या लेण्याच्या छतावर हंसांची रांग आहे. एकाची मान दुसऱ्यासारखी नाही. पहिल्याच्या छतावर कमळांतून धावणारा हत्ती आहे. धर्मकथा सांगायला बसलेल्या कारागिरांनीही तळं आधी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या चित्रांच्या नकला करण्यात रॉबर्ट गिलची वर्षानुवर्षं गेली. तो १८७९मध्ये वारला आणि भुसावळला पुरला गेला. नक्कल करणाराही मूळ चित्रासमोर जाऊन बसत होता.

साक्री तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत मात्र वेगळं पाहायला मिळालं. बाईंनी मुलांना आवारातल्या पळसासमोर बसवलं होतं. गेरूने सारवलेल्या मागच्या भिंतीवर मुलांनी खडूने काढलेली पानं होती, तीन-तीनच्या जुडीने, काही किडीने खाल्लेली. एका डहाळीवर मुंगळे होते. पावसाळ्यात हे सगळं धुऊन जातं, असं बाई म्हणाल्या. मग दिवाळीच्या सुट्टीनंतर नवी मुलं भिंत पुन्हा सारवतात.