इंग्रजीतील ‘विथ’ : अर्थ, उपयोजन आणि भाषांतराचा प्रश्न

इंग्रजीतील शब्दयोगी अव्यये नामापूर्वी स्वतंत्रपणे येतात. मराठीत तेच कार्य नामाला जोडून येणारे विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये करतात. रचनेतील हा भेद दुर्लक्षून एका इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी प्रतिशब्द ठेवण्याची पद्धत अध्यापनात रूढ झालेली दिसते. ‘विथ’ म्हणजे ‘सह’ किंवा ‘बरोबर’ हे समीकरण त्याचे ठळक उदाहरण होय.

प्रत्यक्ष उपयोजन पाहता हे समीकरण अपुरे ठरते. ‘विथ’ साधन दर्शविते तेव्हा मराठीत ‘ने’ येतो (सुरीने कापणे). कारण व रीती दर्शवितानाही तोच प्रत्यय येतो (थंडीने कुडकुडणे, आनंदाने स्वीकारणे). ताबा दर्शविताना ‘जवळ’ (तिच्याजवळ पैसे नाहीत), तर सोबत दर्शविताना ‘बरोबर’ वा ‘सह’ योजावे लागते. संवाद, विवाह व संघर्ष या तिन्हींसाठी मात्र मराठी ‘शी’ हाच प्रत्यय वापरते. मैत्री माणसाशी होते आणि वैरही माणसाशीच होते.

‘विथ’चा पूर्वेतिहास येथे उद्बोधक आहे. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा मुख्य अर्थ ‘विरुद्ध’, ‘समोर’ असा होता. सोबतीसाठी ‘मिड’ हा वेगळा शब्द होता. जर्मन ‘मिट’ त्याचाच सगोत्र. पुढे ‘विथ’ने ‘मिड’ची जागा घेतली आणि तो ‘मिडवाइफ’ म्हणजे सुईण या शब्दात तेवढा उरला. ‘विथस्टँड’ (प्रतिकार करणे), ‘विथड्रॉ’ (माघार घेणे) व ‘विथहोल्ड’ (रोखून धरणे) या क्रियापदांत ‘विथ’चा जुना विरोधवाचक व दूरत्ववाचक अर्थ टिकून आहे. ‘विदाउट’चा मूळ अर्थही ‘बाहेर’ असा असून तो ‘विदिन’च्या विरुद्ध होता. ‘वाचून’, ‘शिवाय’ हा अर्थ नंतर रूढ झाला.

या द्व्यर्थाचे महत्त्व खानदेशच्या इतिहासाच्या संदर्भात विशेष जाणवते. ‘द भिल्स फॉट विथ द ब्रिटिश’ या वाक्याचे ‘भिल्ल इंग्रजांशी लढले’ आणि ‘भिल्ल इंग्रजांच्या बाजूने लढले’ असे दोन अनुवाद संभवतात. खानदेशात या दोन्हींना आधार आहे. जेम्स आउट्रम याने १८२५ मध्ये उभारलेल्या खानदेश भिल्ल पलटणीत भिल्ल शिपाई होते, तर एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यातील अंबापाणी येथे खाज्या नाईक यांचे भिल्ल सहकारी इंग्रज फौजेला भिडले. इंग्रजी वाक्य संदिग्ध राहू शकते. मराठी अनुवादकाला मात्र पक्ष ठरवावाच लागतो. काळ व प्रसंग न तपासता ‘बरोबर’ लिहिले, तर अंबापाणीचे बंडखोर इंग्रजांचे शिपाई ठरतात.

सारांश, ‘विथ’चा अर्थ त्या शब्दात एकट्यात नसून क्रियापद, नाम व प्रसंग यांच्या परस्परसंबंधात असतो. म्हणून प्रतिशब्दांची यादी पाठ करून घेण्याऐवजी पूर्ण वाक्यांची तुलना अध्यापनात आणणे अगत्याचे आहे. घरी अहिराणीत ‘माले’ आणि वर्गात ‘मला’ म्हणणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्याला प्रत्ययांची अशी तुलना परकी नाही. त्याच्या या भाषिक अनुभवाचा उपयोग करून घेण्याची जबाबदारी अध्यापकाची आहे.