दोन घरांतील स्फोट : शब्दकोडे, पर्याय आणि अर्थनियंत्रण

वर्तमानपत्रातील शब्दकोडे हा वाङ्मयीन समीक्षेचा विषय मानण्याची प्रथा आपल्याकडे नाही. ते स्वाभाविकही आहे; कोडे ही करमणूक आहे. परंतु प्रत्येक शब्दकोड्यामागे अर्थाविषयीची एक भूमिका गृहीत धरलेली असते : एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवता येतो आणि असे ठेवता येणे म्हणजेच अर्थ सांगणे. ही भूमिका आपले विद्यार्थी कोड्यातूनच नव्हे, तर ‘समानार्थी शब्द लिहा’ या प्रश्नातूनही आत्मसात करतात. ती कितपत टिकते हे पाहण्यासाठी प्रस्तुत टिपणात स्फोटकांशी संबंधित शब्दांचा एक लहान गट घेतला आहे. या गटात फारसी, संस्कृत व युरोपीय भाषांतून आलेले शब्द शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांतील काहींवर अलीकडच्या इतिहासाचे ओझे आहे.

शब्दकोड्याचा आजचा प्रकार ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांनी प्रथम सादर केला. मराठीत येताना त्यात एक मूलभूत फरक झाला. रोमन लिपीत एका घरात एक वर्ण बसतो, देवनागरीत एक अक्षर बसते. ‘स्फोट’ या शब्दाला आपल्याकडे दोनच घरे पुरतात. समजा, ‘आडवे शब्द’ या मथळ्याखाली ‘स्फोटक (२)’ असे सूत्र दिले आहे. ‘दारू’, ‘बार’ आणि ‘बॉम्ब’ ही तिन्ही उत्तरे सुचतील. यांपैकी योग्य कोणते, हे सोडवणारा कशावरून ठरवतो? छेदून जाणाऱ्या उभ्या शब्दावरून. दुसऱ्या घरात ‘रू’ आले की ‘दारू’ निश्चित होते. म्हणजे येथे अर्थाचा निर्णय अर्थाने होत नाही. तो अक्षराने होतो.

ही गोष्ट वरवर दिसते तेवढी क्षुल्लक नाही. अनेकार्थी शब्दाचा प्रस्तुत अर्थ कसा निश्चित होतो, या प्रश्नाला भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त दिलेले उत्तर परिचित आहे. संसर्ग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, अन्य शब्दाचे सान्निध्य इत्यादी कारणांनी अर्थाचे नियंत्रण होते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त हाच विचार पुढे नेला. अभिधा एका अर्थापुरती नियंत्रित झाल्यावरही दुसरा अर्थ जाणवत असेल, तर तो व्यंजनेचा व्यापार होय. नियंत्रण आणि अवशेष अशा या दोन पायऱ्या आहेत. कोड्यात पहिली पायरी आहे, दुसरी नाही. घर भरले की शब्द संपतो.

काय संपते, हे ‘दारू’ या शब्दावरून पाहता येईल. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. तो अर्थ मराठीत ‘दवादारू’ या जोडशब्दात अद्याप जिवंत आहे. ‘दारूगोळा’, ‘शोभेची दारू’ यांत तीच दारू ज्वालाग्राही होते आणि ‘दारूबंदी’त ती मद्य ठरते. भर्तृहरीच्या यादीतील ‘व्यक्ती’, म्हणजे व्याकरणिक लिंग, येथे उपयोगी पडत नाही, कारण शब्द सर्वत्र स्त्रीलिंगीच आहे. अर्थ ठरवतात ती क्रियापदे आणि शेजारचे शब्द : दारू ठासली जाते की प्यायली जाते, ती दव्याबरोबर येते की गोळ्याबरोबर.

‘बार’ या शब्दाचे प्रकरण याहून निराळे आहे. ‘बंदुकीचा बार’, ‘फुसका बार’, ‘तंबाखूचा बार भरणे’, ‘लग्नाचा बार उडवणे’ हे सारे प्रयोग भरणे आणि उडणे यांभोवती फिरतात. मद्यालय या अर्थाचा ‘बार’ मात्र इंग्रजीतून आलेला स्वतंत्र शब्द आहे. ‘दारू’त एकाच शब्दाचे अनेक अर्थ आहेत; ‘बार’मध्ये दोन शब्दांचे एकच रूप आहे. स्फोटक आणि मद्य ही जोडी दोन्हीकडे दिसते, पण एकीकडे ती अर्थविस्ताराने आणि दुसरीकडे योगायोगाने. पर्यायशब्दांच्या यादीला हा भेद दिसत नाही.

‘सुरुंग’ या शब्दात इतिहास अधिक खोल आहे. कौटिलीय ‘अर्थशास्त्रा’तील ‘सुरुङ्गा’ म्हणजे भुयार. तो शब्द नळी या अर्थाच्या ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. हिंदीत ‘सुरंग’ आजही भुयाराचा वाचक आहे. मराठीने भुयारी मार्गासाठी ‘बोगदा’ स्वीकारला आणि ‘सुरुंग’ हा शब्द पोकळीकडून तिच्यात ठासलेल्या दारूकडे सरकला. आधाराचे नाव आधेयाला मिळाले. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही रूढ झालेली लक्षणा आहे. ‘प्रतिष्ठेला सुरुंग लावणे’ या प्रयोगात आतून, नकळत पोखरण्याची जी छटा आहे, ती त्या जुन्या भुयाराची आठवण होय. ‘स्फोटक (३)’ या सूत्रात तिला जागा नाही.

यावर कोणी म्हणेल की कोड्याकडून एवढी अपेक्षा कशासाठी? उत्तर असे की कोड्याचा आकृतिबंध स्वभावतः दरिद्री नाही. ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकात विकसित झालेल्या गूढ सूत्रांच्या कोड्यांनी ते दाखवून दिले आहे. मराठीतही तसे करता येईल. वर्गात मी तीन सूत्रे फळ्यावर लिहितो : ‘दव्याशी जोडली तर बरे करते, गोळ्याशी जोडली तर मारते (२)’, ‘भरला की उडतो, संध्याकाळी उघडतो (२)’, ‘विहिरीला पाणी देतो, तटाला भगदाड (३)’. उत्तरे सापडायला वेळ लागतो, पण सापडल्यावर शब्दाचे दोन्ही अर्थ एकदमच समोर असतात. असे सूत्र म्हणजे एक छोटे प्रकरणच होय. ते अर्थाचे नियंत्रण करते आणि अवशेषही राखते.

आता ज्या शब्दामुळे हा विचार सुरू झाला त्याकडे वळू. ‘स्फोट’ हा शब्द ‘स्फुट्’ या धातूपासून आला आहे. फुटणे, उमलणे आणि स्पष्ट होणे हे तिन्ही अर्थ त्यात आहेत. ‘प्रस्फुटित’ आणि ‘गौप्यस्फोट’ हे त्याचेच सोयरे. व्याकरणदर्शनात तर ज्या अखंड शब्दतत्त्वामुळे अर्थ प्रकट होतो त्यालाच स्फोट म्हटले आहे. कोड्यात मात्र त्याचे सूत्र ‘धमाका (२)’ एवढेच असते. आणि त्या दोन घरांच्या बाहेर १२ मार्च १९९३ हा दिवस आहे. त्या दिवशीच्या मुंबईतील साखळी बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मरण पावली, आणि ‘आरडीएक्स’ हे प्रयोगशाळेतील नाव सामान्य मराठी वाचकाच्या बोलण्यात आले. ‘दारू’, ‘बार’, ‘सुरुंग’ यांना भाषेने शतकानुशतके वापरून माणसाळवले. त्यांच्यापासून म्हणी, थट्टा आणि लग्नाचे बार निघाले. दिवाळीतील ‘सुतळी बॉम्ब’मुळे ‘बॉम्ब’ही बराचसा घरचा झाला. ‘आरडीएक्स’जवळ असा पूर्वेतिहास नव्हता, मराठीत तो घटनेसह आला. त्याचा कोशातील पर्याय देता येईल, पण त्याची व्यंजना त्या दिवसाची आहे.

पर्याय म्हणजे अर्थ नव्हे, हे विधान सिद्धान्त म्हणून आपण सहज मान्य करतो, आणि प्रश्नपत्रिकेत मात्र पर्यायच मागतो. विद्यार्थ्याला ‘दारू’चा समानार्थी शब्द विचारण्याऐवजी ती कोणाच्या शेजारी आली असता काय होते, असे विचारावे. घरे तेवढीच लागतील. उत्तर मात्र दोन अक्षरांत संपणार नाही.