फरक मोजला, भेद राहिला: खान्देशातील शिक्षण-मानसशास्त्रीय संशोधनाचा आढावा

शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्राच्या मराठी प्रबंधांत ‘लिंगभेद’ हा शब्द मुलगे व मुली यांच्या गुणांत, सवयींत किंवा स्वभावात आढळणारा फरक या अर्थाने येतो. घरात आणि वर्तमानपत्रात त्याच शब्दाचा अर्थ भेदभाव असा होतो: मुलाला इंग्रजी शाळा, मुलीला जिल्हा परिषदेची. एका शब्दात मोजमापही आहे आणि अन्यायही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत या विषयावर होणाऱ्या संशोधनाची मुख्य उणीव इथेच आहे. त्यात फरक मोजला जातो, भेद मोजला जात नाही, आणि पहिला दुसऱ्यातून आला असेल का, हे क्वचितच विचारले जाते. स्त्री-अभ्यासाने रुळवलेला ‘लिंगभाव’ हा शब्द शीर्षकात आला, तरी आतली कोष्टके जुनीच राहतात.

या भागाचे उच्चशिक्षण पूर्वी पुणे विद्यापीठाकडे होते. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. एम.एड.चे लघुप्रबंध आणि पीएच.डी.चे शोधप्रबंध यांतून मुलगे-मुली तुलनेचे साहित्य साठत गेले. पीएच.डी.चे प्रबंध आता ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर वाचता येतात. लघुप्रबंध मात्र महाविद्यालयांच्या कपाटांतच असतात, आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी त्यांतले प्रकरण आराखड्यापुरते उघडतो.

हा आराखडा ओळखीचा आहे. सर्वेक्षण पद्धती, नमुना म्हणून नववीचे पन्नास मुलगे आणि पन्नास मुली, एक तयार चाचणी आणि ‘मुलगे व मुली यांच्या मध्यमानांत सार्थक फरक नाही’ अशी शून्य परिकल्पना. चाचणी बहुधा देव-मोहन यांची संपादन प्रेरणा मापिका किंवा पालसाने-शर्मा यांची अध्ययन सवयींची सूची यांसारखी असते. मग मध्यमान, प्रमाण विचलन आणि टी-मूल्य काढले जाते. ते १.९६ च्या वर गेले की परिकल्पनेचा त्याग, खाली राहिले की स्वीकार. शेवटच्या प्रकरणात शिक्षकांनी मुलींना प्रोत्साहन द्यावे, पालकांनी भेदभाव करू नये, अशा शिफारशी येतात. त्या शिफारशींचा आधीच्या आकड्यांशी संबंध लावू गेल्यास तो सापडत नाही, कारण पालकांनी भेदभाव केला की नाही हे कोणी मोजलेलेच नसते.

जगात या विषयाचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला आहे. अमेरिकेत लीटा हॉलिंगवर्थ यांनी १९१४ मध्ये मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रियांची बौद्धिक वा कारक कामगिरी घसरते का, हे रोजच्या चाचण्या घेऊन तपासले. ती घसरत नव्हती. बुद्धीच्या बाबतीत पुरुषांत चढउतार अधिक, म्हणून प्रतिभावंतही त्यांच्यातच अधिक, असे तेव्हा मानले जाई, आणि हॉलिंगवर्थ यांचे मार्गदर्शक एडवर्ड थॉर्नडाइक यांचाही या मतावर विश्वास होता. हॉलिंगवर्थ यांनी त्या मतालाही पुराव्याने आव्हान दिले. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध पुरावा मांडण्याची ही मोकळीक कोणत्याही संशोधन केंद्राला हवीशी वाटावी.

१९७४ मध्ये एलिनॉर मॅकॉबी आणि कॅरोल जॅकलिन यांनी तोवरचे सारे अभ्यास चाळले. भाषिक क्षमता, अवकाशीय क्षमता, गणित आणि आक्रमकता या चारच बाबतींत फरकाला बऱ्यापैकी आधार आहे, बाकीच्या समजुती निराधार किंवा अनिर्णित आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे या चारांपैकीही काही फरक आकसले. जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये ४६ महाविश्लेषणे (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेली विश्लेषणे) एकत्र तपासली, तेव्हा ७८ टक्के फरक लहान किंवा जवळपास शून्य निघाले. चेंडू किती लांब फेकला जातो यासारख्या मोजक्या गोष्टींतच अंतर मोठे होते. २०१४ च्या एका मोठ्या महाविश्लेषणानुसार शाळेतल्या गुणांत मुली सर्वच विषयांत थोड्या पुढे आहेत, भाषेत जास्त, गणितात सर्वांत कमी. महाराष्ट्राचा अनुभव याला धरून आहे: मार्च २०२४ च्या दहावीच्या परीक्षेत ९७.२१ टक्के मुली आणि ९४.५६ टक्के मुलगे उत्तीर्ण झाले.

हाइड यांच्या कामामागचे साधन साधे आहे. दोन मध्यमानांतले अंतर प्रमाण विचलनाने भागले की परिणामाचा आकार मिळतो. त्याला ‘डी’ म्हणतात. ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा, असा संकेत आहे. समजा, शंभर गुणांच्या चाचणीत मुली एका गुणाने पुढे आहेत आणि प्रमाण विचलन १० आहे. दोन्हीकडे पन्नास विद्यार्थी घेतले तर टी-मूल्य ०.५ येते आणि ‘फरक नाही’ असे लिहिले जाते. दोन्हीकडे हजार घेतले तर तेच मूल्य २.२४ होते आणि ‘सार्थक फरक आढळला’ असे लिहिले जाते. अंतर तेच, निष्कर्ष उलटा. ‘डी’ दोन्ही वेळा ०.१ राहतो, म्हणजे मुलामुलींचे गुण सुमारे ९६ टक्के एकमेकांवर पडतात. वर्गशिक्षकाला उपयोगी असलेले हे शेवटचे वाक्य प्रबंधांत सहसा सापडत नाही.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. ०.२ एवढा खरा फरक पाचपैकी चार वेळा पकडता यावा, यासाठी सुमारे ४०० मुलगे आणि ४०० मुली लागतात. पन्नास-पन्नासच्या नमुन्यात तो सहापैकी एखाद्या वेळीच हाती लागेल. शिवाय एका प्रबंधात दहा परिकल्पना तपासल्या, तर कुठेही खरा फरक नसतानाही एखादी तरी ‘सार्थक’ ठरण्याची शक्यता ४० टक्के असते.

आकडेमोडीतल्या या चुका महिनाभराच्या प्रशिक्षणाने सुधारतील. खरी अडचण नमुन्यात आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ८८० होत्या. २०१५ मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेसाठी निवडलेल्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत जळगाव होते ते यामुळेच. वर्गात जाण्याआधीच निवड सुरू झालेली असते. पुढे, खासगी शाळांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा जास्त असल्याचे ग्रामीण शिक्षणाच्या ‘असर’ सर्वेक्षणांत दिसत आले आहे. म्हणून जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित मराठी शाळेत बसलेला मुलगा आणि त्याच बाकाच्या रांगेतली मुलगी सारख्या घरांतून आलेली असतीलच असे नाही. ऐपत असलेल्या घरातला मुलगा इंग्रजी शाळेत गेलेला असू शकतो आणि त्याची बहीण इथे असते. अशा वर्गात मुली पुढे निघाल्या, तर त्यातला किती वाटा मुलगी असण्याचा आणि किती घराच्या परिस्थितीचा? महाविद्यालयात चित्र पुन्हा बदलते: लग्न, अंतर आणि खर्च यांची चाळणी पार केलेल्या मुली निवडक असतात. त्यांचा ‘आत्मविश्वास’ मोजून तो सगळ्या मुलींचा म्हणता येत नाही.

याहून सूक्ष्म प्रश्न प्रश्नावलीचा आहे. ‘मला घरी अभ्यासाला पुरेसा वेळ मिळतो’ अशा धर्तीच्या विधानापुढे ‘नेहमी’, ‘कधी कधी’, ‘कधीच नाही’ असे पर्याय असतात. साक्री तालुक्यातल्या आठवीच्या मुलीने ‘कधी कधी’वर खूण केली, तर त्याचा अर्थ काय? भाकरी थापून, पाणी भरून आणि धाकट्या भावाला सांभाळून उरलेला अर्धा तास तिला पुरेसा वाटत असेल. कापूस वेचणीच्या दिवसांत ती माय-बापाबरोबर वावरात असते. त्या पंधरवड्यात चाचणी घेतली तर ती ‘गैरहजर’ म्हणून नमुन्यातून गळते. तिच्याच घरातला भाऊ ‘कधी कधी’वर खूण करतो, तेव्हा त्याला संध्याकाळचा क्रिकेटचा खेळ आड येत असतो. खूण एकच, गुण एकच.

भाषेचेही तसेच आहे. बऱ्याच चाचण्या मूळ इंग्रजी किंवा हिंदी आणि नंतर प्रमाण मराठीत आणलेल्या. अहिराणीत मुलगा तो आंडोर आणि मुलगी ती आंडेर; शिवाय लेवा गणबोली, भिली, पावरी अशा बोलींतून मुले शाळेत येतात. ‘समायोजन’ किंवा ‘आत्मसंकल्पना’ हे शब्द त्यांच्या कानावर आधी कधी पडलेले नसतात. अहिराणीत किंवा पावरीत चाचणीचे प्रमाणीकरण करणे हे काम कोण्या एका विद्यार्थ्याचे नव्हे, विभागाचे आहे. ज्या कवयित्रीचे नाव विद्यापीठाने घेतले, त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. कागदावरच्या कोणत्याही चाचणीत त्यांना शून्य मिळाले असते.

या सगळ्यापलीकडे खान्देशाकडे एक दुर्मीळ संधी आहे. ती एका अभ्यासावरून कळते. २०११ मध्ये मोशे हॉफमन, युरी नीझी आणि जॉन लिस्ट यांनी ईशान्य भारतातल्या दोन शेजारी जमातींत सुमारे १,३०० जणांना चार तुकड्यांचे कोडे जुळवायला दिले. पितृवंशीय कार्बी समाजात पुरुष स्त्रियांपेक्षा स्पष्टपणे वेगवान निघाले; मातृवंशीय खासी समाजात हा फरक दिसला नाही. शेजारच्या डोंगरांत राहणाऱ्या दोन समाजांनी ‘जन्मजात’ या शब्दाला असे आव्हान दिले.

तशी तुलना इथेही शक्य आहे. जळगाव आणि धुळे यांच्या उत्तरेला सातपुडा आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांत एका दिवसाच्या अंतरात सपाटीवरची केळी-कापसाची गावे आणि डोंगरातले पाडे दोन्ही गाठता येतात. सपाटीवर हुंडा आहे, तर पावरा आणि भिल्ल समाजांत मुलाकडून देज (वधूमूल्य) देण्याची रीत आहे. हे समाज मातृवंशीय नाहीत, आणि तिथली मुलगीही लवकर लग्नात व कामात अडकते, त्यामुळे तिथे समतेचे चित्र रंगवण्याचे कारण नाही. तरीही २०११ मध्ये शेजारच्या नंदुरबार या आदिवासीबहुल जिल्ह्यात बालकांचे लिंग-गुणोत्तर ९४४ होते, जळगावहून शंभराने अधिक. मुलीच्या जन्माकडे पाहण्याची दृष्टी जिथे इतकी बदलते, तिथे मुलींचा गणिताबद्दलचा आत्मविश्वास, अवकाशीय क्षमता आणि जोखीम घेण्याची तयारीही बदलते का, हा प्रश्न इथल्या संशोधकाइतका कोणी चांगला विचारू शकणार नाही. एम.एड. करणारे अनेक जण स्वतः शिक्षक असतात आणि मुलांची घरे ओळखतात. बाहेरून आलेल्या संशोधकाला हे वर्षभरात साधत नाही.

धोरणांनीही प्रयोग मांडून ठेवले आहेत. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटीने गावोगावच्या मुली शाळेला जातात. जुलै २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी मिळाली. बस सुरू होण्याआधी आणि नंतर मुलींची हजेरी, गुण आणि महत्त्वाकांक्षा यांत काय बदलले, हे मोजणारा एक प्रबंध मध्यमानांच्या शंभर तुलनांपेक्षा मोलाचा ठरेल.

तेव्हा मार्गदर्शकांनी पुढच्या वर्षीच्या आराखड्याला मान्यता देताना तीन गोष्टींचा आग्रह धरावा: टी-मूल्याशेजारी ‘डी’ छापावा, प्रत्येक मुला-मुलीच्या घरातल्या कामाचे तास आणि भावंडांच्या शाळा नोंदवाव्यात, आणि कपाटातले जुने लघुप्रबंध एकत्र करून त्यांचे पहिले महाविश्लेषण एखाद्या विद्यार्थ्याकडे सोपवावे. त्यासाठी लागणारी मध्यमाने आणि प्रमाण विचलने त्या प्रबंधांच्या चौथ्या प्रकरणात छापलेलीच आहेत.