एकटीचा डाव

पट मांडून दोन्ही बाजूंच्या सोंगट्या एकटेच हलवीत बसलेले मूल पाहिले, की वडीलधाऱ्यांचा जीव कळवळतो. ‘बिचाऱ्याला सोबती नाही’ असे म्हणून ते त्याला उठवितात. ही कणव प्रामाणिक असली तरी अनाठायी आहे, असे ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ (१८७१) वाचताना आम्हांस वाटते. लुइस कॅरल या टोपणनावाने ऑक्सफर्डच्या एका गणिताध्यापकाने ही बालकथा लिहिली.

तिची नायिका अ‍ॅलिस. मांजराची पिले आणि बुद्धिबळाचा पट, एवढीच तिची सोबत. राजे-राण्यांचे सोंग आणू म्हटले, तर बहीण हरकत घेते की आपण दोघीच आहोत. त्यावर अ‍ॅलिस सुचविते, की तू एक हो, उरलेले सगळे मी होते! पुढे आरशापलीकडचा मुलूखच पट बनतो आणि पांढरे प्यादे झालेली ही मुलगी आठव्या घरात राणी, म्हणजे आपल्या पटावरचा वजीर, होते.

या डावात लाल व पांढऱ्या बाजूंच्या पाळ्या काटेकोर नाहीत. १८९६ च्या प्रस्तावनेत लेखकानेच हे मान्य केले आहे. बुद्धिबळपटू यास दोष म्हणतील. आम्हांस मात्र ते एकट्याच्या खेळाचे यथार्थ चित्र वाटते. अशा मुलाची एक बाजू आवडती असतेच, आणि तिला पाळी अधिक मिळते. हा पक्षपात त्याला जाणवतो की नाही, हा खरा प्रश्न होय. आधीच्या ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’मध्ये (१८६५) त्याचे उत्तर सापडते. क्रोके हा चेंडूफळीचा खेळ स्वतःशीच खेळताना लबाडी केली, म्हणून अ‍ॅलिस स्वतःच्याच कानशिलात मारू पाहते. फसविणारी तीच, फसलेली तीच आणि न्याय करणारीही तीच! एक पक्षी फळ खातो व दुसरा नुसता पाहतो, हे मुंडकोपनिषदातील रूपक प्रवचनांतून ऐकलेल्यांस हा प्रसंग परका वाटू नये. सोबत्याशी खेळताना रडीचा डाव सोबती पकडतो. एकट्या मुलाच्या ठायी मात्र तो साक्षी आतूनच जागा व्हावा लागतो.

ग्रंथात उणीव आहेच. हे स्वप्न अ‍ॅलिसचे, की निद्रिस्त लाल राजाचे, असा गहन प्रश्न उभा करून लेखक तो वाचकावर सोपवितो व मोकळा होतो. मायावादावर पोसलेल्या वाचकाची तेवढ्याने तृप्ती होत नाही. तथापि बालमनाविषयीची त्याची जाण निःसंशय खरी आहे. तेव्हा असे मूल दिसल्यास त्याला पटावरून उठवू नये. जवळ बसून पाळी कोणाची, एवढेच विचारावे.