जात्याला घाई

गाण्यातलं मला काही कळत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. बी.कॉम.ला आम्हांला गाणं नव्हतं. कॉस्टिंग होतं, आणि त्यातही माझा सूर कधी लागला नाही. पण वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढल्यावर एक गोष्ट अंगात मुरते. दोन आकडे जुळले नाहीत की जेवण जात नाही. प्रस्तुत लेखाचा उगम या अपचनात आहे, संगीतात नाही.

त्याचं असं झालं, की परवा रात्री कन्येनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "बाबा, हे बघ." युरोव्हिजन म्हणून युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा असते. १९५६ साली सात देशांनी ती सुरू केली. पुढं पसारा वाढला, आणि २०१५ पासून तिच्यात ऑस्ट्रेलियासुद्धा आहे. "ऑस्ट्रेलिया युरोपात कधी गेला?" असं मी विचारलं, तेव्हा पासबुक उलटं घालून मशिनवर चिडणाऱ्या खातेदाराकडे मी जसा बघतो तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

गाणं होतं २०२१ चं, रॉटरडॅमच्या अंतिम फेरीतलं. युक्रेनचा 'गो-ए' नावाचा चमू. 'गो' इंग्रजीतला, आणि 'ए' म्हणजे ग्रीक मुळाक्षरांतला पहिला अल्फा. थोडक्यात, चला मुळाकडे. गाण्याचं नाव 'शुम'. चमूतल्या वाद्यवाल्याचं नाव तारास शेव्हचेन्को, जे त्यांच्या राष्ट्रकवीचंही नाव आहे. म्हणजे आपल्याकडे डीजेचं नाव तुकाराम असावं तसं. (आमच्या मुळशीत तसा एक आहेही. पण तो अभंग वाजवत नाही.)

रंगमंचावर पानं झडलेली पांढरी झाडं. मध्ये कातेरिना पाव्हलेन्को ही गायिका, अंगात हिरवागार केसाळ कोट, चेहऱ्यावर कर्ज नामंजूर करणाऱ्या मॅनेजरची शांती. ही बाई हसत नाही, केस उडवत नाही, 'हॅलो रॉटरडॅम' तर नाहीच नाही. नुसती उभी राहते आणि गळा सोडते. मागं विजेवरचा ठेका धडधडतोय, शेजारी सोपिल्का नावाची त्यांची बासरी चिरकतेय, आणि ही आवाज असा फेकतेय की जणू पलीकडच्या शेतातल्या बाईला हाक मारायचीय. त्या गायकीला तिकडं 'पांढरा आवाज' म्हणतात. उघड्या गळ्याचा, उघड्या रानातला. वसंत जागा करायला पोरी जी गाणी म्हणत आणि खेळत, त्यांतलं हे. आपल्याकडे हत्तीच्या चित्राभोवती भोंडल्याचा फेर धरावा, तसलाच प्रकार. गाणं हळू सुरू होतं, मग वेग घेतं, आणखी घेतं, आणि शेवटी सगळं सभागृह घुमवून एकदम थांबतं. तीन मिनिटांत. तीन मिनिटांपेक्षा मोठं गाणं तिथं चालत नाही. मूळ गाणं लांब होतं, ते कापलं आणि शब्दही नव्यानं लिहिले, अशी माहिती कन्येनं पुरवली.

मी स्तब्ध. तेवढ्यात कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली माझी आई म्हणाली, "पोरीचा गळा उघडाय."

आई मुळशीची. धरणाच्या वरच्या अंगाच्या गावातली. लग्न होऊन येईपर्यंत पहाटे उठून तिनं नाचणी दळली आहे. युक्रेन कुठं आहे हे तिला माहीत नाही, आणि युक्रेनची काही तिच्यावाचून अडलेली नाही. पण गाणं संपल्यावर तिनं जे सांगितलं, तेवढं मोलाचं परीक्षण मला कुठं वाचायला मिळालेलं नाही. "शेवटाला लई घाई केली. जात्याला घाई केली की पीठ भरड पडतं."

आता आकडे. या स्पर्धेत निम्मे गुण देशोदेशीचे तज्ज्ञ देतात आणि निम्मे प्रेक्षक. 'शुम'ला तज्ज्ञांचे ९७, प्रेक्षकांचे २६७. बेरीज ३६४, क्रमांक पाचवा. पहिला आला इटलीचा मॉनेस्किन, ५२४ गुणांनी. मला खटकलं ते हे: प्रेक्षकांच्या पसंतीत दुसऱ्या असलेल्या गाण्यात तज्ज्ञांना शंभरीसुद्धा दिसली नाही! गंमत म्हणजे तज्ज्ञांनीही बरोबर २६७ गुण एका गाण्याला दिलेच, पण ते स्वित्झर्लंडच्या. काउंटरवर अशी तफावत आली असती तर मला रात्री साडेनऊपर्यंत बसवलं असतं.

तज्ज्ञांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ऑडिटरला जे व्हाउचर कुठल्याच फाइलीत लावता येत नाही, त्याला तो लाल टिकल्या मारतो. ही बाई गोड गात नाही, इंग्रजीत गात नाही, रडवत नाही. मग गुण कसले द्यायचे? मात्र माझ्या मते या सादरीकरणाची थोरवी तिथंच आहे. लोकगीताला पाहुण्यांसमोर नऊवारी नेसवून मुरडायला लावलेलं नाही. ठेका नवा आहे, गळा जुना आहे, आणि गळ्यानं ठेक्यापुढं मान लववलेली नाही. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, युद्ध पेटलेलं असताना त्याच चमूतला बासरीवाला 'कालुश ऑर्केस्ट्रा'बरोबर तुरिनला गेला आणि युक्रेननं ६३१ गुणांनी स्पर्धा जिंकली. त्या विजयाबद्दल मला आनंदच आहे. पण त्यातले किती गुण गाण्याचे आणि किती गहिवराचे, याचा ताळा कुणालाच लावता येणार नाही. 'शुम'चा पाचवा नंबर मात्र रोखीचा आहे.

आता आमच्या मुळशीचं. गी पॉइटवँ नावाचे मूळचे फ्रान्सचे गृहस्थ आणि हेमा राईरकर यांनी आमच्याच डोंगरातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या. होता होता महाराष्ट्रभरातून लाखावर ओव्या झाल्या. लाखावर! आज त्या 'परी'च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संग्रहात ऐकायला मिळतात. लाखाची ठेव नावावर पडून आहे आणि वारसानं पासबुक भरून घेतलेलं नाही, असली खाती मी रोज बघतो. आमच्या जत्रेत मात्र भिंतीएवढे स्पीकर लागतात आणि त्यांतून जे निघतं त्यानं कौलं खाली येतात. कौलं पडायलाही माझी हरकत नाही. पण एखादी तरी ओवीनं पडावी.

हे सगळं मी तावातावानं बोललो. सौभाग्यवतींनी "तुम्ही आधी तुमच्याच आईच्या किती लिहून घेतल्यात?" एवढंच विचारलं आणि कुकर लावायला गेल्या.

शून्य. खातंच उघडलेलं नाही.

कन्येनं मोबाइल आजीपुढं धरला. आई आधी लाजली, मग लसूण बाजूला सारून तिनं उजवा हात हवेत गोल फिरवायला घेतला, कारण हात फिरल्याशिवाय शब्द येईनात. आल्या त्या चार ओव्या. पाचवीला अडली. "लक्ष्मीआक्काला येत होती," म्हणाली. लक्ष्मीमावशी जाऊन अकरा वर्षं झाली.

ध्वनिमुद्रण दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे, म्हणजे युरोव्हिजनच्या नियमात बसतं. मध्ये कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत. कन्या आता त्याखाली ठेका टाकतेय. आईची अट एकच: ठेक्यानं तिच्या मागून चालायचं. शिट्ट्या ठेवल्या तरी चालतील म्हणाली.