तांदळाला द्राक्षाचं माप

आज आपण जपानी साकेबद्दल बोलणार आहोत, आणि तेही वाइनच्या पद्धती उसन्या घेऊन बनवलेल्या आधुनिक साकेबद्दल. या प्रयोगांचं कौतुक भरपूर होतं. आम्हांला ते सरसकट पटत नाही. का, ते बघू या.

आधी मूळ फरक. द्राक्षात साखर तयारच असते. तांदळात असतो स्टार्च. म्हणून वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. ती स्टार्चची साखर करते आणि त्याच टाकीत, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत असतं. दोन्ही कामं जोडीनं चालतात, म्हणून पाणी घालण्याआधी साके 20 टक्के अल्कोहोलच्या आसपास पोचू शकते. वाइनला हे जमत नाही, तिला त्याची गरजही नाही.

मग वाइनकडे बघायचं कशाला? उत्तर पोटापाण्याचं आहे. 1973 च्या सुमारास साकेचा खप शिखरावर होता. आज तो साधारण चौथाईवर आलाय. नवा ग्राहक परदेशी हॉटेलांत बसलाय आणि त्याला वाइनची भाषा कळते.

आता उदाहरणं. गुन्मा प्रांतातल्या नागाई शुझोने 2008 मध्ये ‘मिझुबाशो प्युअर’ आणली. शॅम्पेनसारखी बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायची आणि गाळ काढून टाकायचा. हे उसनं घेणं आम्हांला रास्त वाटतं. ताज्या, गढूळ साकेत बुडबुडे आधीपासून असायचेच. इथे तेच बुडबुडे नितळ साकेत आले.

दुसरं उदाहरण ‘इवा 5’. डोम पेरिन्योंची अनेक वर्षं धुरा वाहिलेले रिशार जोफ्रुआ यांनी तोयामात हा कारखाना उभा केला. वेगवेगळे तांदूळ, वेगवेगळी यीस्ट, आणि शेवटी त्यांचं मिश्रण. काम कसबाचं आहे, यात शंका नाही. पण टाक्यांची मिसळ जपानी कारागीर पूर्वीपासून करत आले होते. इथे मिश्रणालाच कलाकृतीचा मान मिळाला, नवीन आहे ते एवढंच.

खरी अडचण ‘तेरुआर’ या शब्दाची. म्हणजे मातीची चव. बघा, द्राक्ष तोडलं की लवकर चिरडावंच लागतं. तांदूळ कणगीत राहतो, गाडीत बसून दुसऱ्या प्रांतात जातो. यामादा निशिकी मुख्यतः ह्योगोत पिकतो आणि देशभरचे कारखाने तो मागवतात. शिवाय गिंजो दर्जासाठी दाणा घासून 60 टक्के किंवा त्याहून कमी उरवतात. दाण्याचा बाहेरचा भाग भुशात गेल्यावर मातीचे गोडवे कुणाच्या जोरावर गायचे?

इथे आकिताची आरामासा वेगळी उठून दिसते. 1852 चा हा कारखाना. त्यांनीही वाइनवाल्यासारखाच प्रश्न विचारला: आमची म्हणून चव कोणती? उत्तर मात्र घरातच शोधलं. तांदूळ आकिताचाच. यीस्ट क्रमांक 6, जे 1930 मध्ये याच कारखान्यातून वेगळं केलं गेलं. बाहेरून लॅक्टिक आम्ल न घालता, जिवाणूंकडून ते तयार करून घेणारी जुनी किमोतो पद्धत. आणि लाकडी पिंपं. तिथली आंबट चव वाइनची आठवण करून देते खरी, पण ती आलीय किमोतोच्या वाटेनं.

तेव्हा आमचं मत असं: वाइनकडून तंत्र घ्या, प्रश्न तर जरूर घ्या, पण चांगलं-वाईट ठरवायची फूटपट्टी घेऊ नका. त्या फूटपट्टीने साके कायम दुसऱ्या नंबरावर राहणार. 2024 मध्ये युनेस्कोनं गौरव केला तो कोजी वापरून साके बनवण्याच्या कारागिरीचा. साकेचं घराणं तिथं आहे. पुढचा प्याला उचलाल तेव्हा ‘वाइनसारखी लागते का’ असं विचारू नका. कोजीनं इथे काय केलंय, ते विचारा.