‘पण का?’ : एका खेळाची ताकद आणि मर्यादा

आजार कशाने होतात, असे वर्गात विचारले की उत्तर येते, ‘जंतूंमुळे.’ उत्तर बरोबर असते आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये म्हणून डेव्हिड वर्नर आणि बिल बॉवर यांनी ‘हेल्पिंग हेल्थ वर्कर्स लर्न’ (१९८२) या पुस्तकात एक खेळ दिला आहे. मेक्सिकोतील डोंगराळ खेड्यांमध्ये गावच्याच लोकांना आरोग्यकार्यकर्ते म्हणून तयार करण्याच्या अनुभवातून हे पुस्तक आले.

लुईस हा सात वर्षांचा मुलगा धनुर्वाताने दगावतो. गट विचारत जातो, ‘पण का?’ जखमेतून जंतू गेले. पण का? पायात काटा मोडला. पण का? तो अनवाणी होता. पण का? चप्पल तुटली होती आणि नवीसाठी वडिलांकडे पैसे नव्हते. पण का? ते दुसऱ्याची जमीन अर्धलीने कसत. निम्मे पीक मालकाकडे जाई. प्रत्येक उत्तरासाठी पुठ्ठ्याचा एक दुवा जोडायचा : जैविक, भौतिक, सांस्कृतिक, आर्थिक किंवा राजकीय. एका टोकाला मुलगा, दुसऱ्या टोकाला थडगे. मधली साखळी गटाच्या हातांनीच वाढते. कितीही चांगल्या व्याख्यानाने हे साधणार नाही.

तरीही दोन उणिवा आम्हाला जाणवतात. पहिली, गोष्ट आधीच तयार आहे. शिक्षकांना कोणते उत्तर हवे आहे हे मुले चटकन ओळखतात, आणि ‘गरिबी’ म्हटले की विचार थांबतो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. साखळीतले सगळे दुवे सारखेच दिसतात. कोणता दुवा आज तुटू शकेल हे कळत नाही. भारतात माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन २०१५ मध्ये झाले, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे नवजात धनुर्वाताचे प्रमाण एकाहून कमी झाले. यासाठी जमिनीच्या फेरवाटपाची वाट पाहावी लागली नाही. लस आणि स्वच्छ बाळंतपण यांनी मधलेच दुवे तोडले. मात्र लस टोचणारी ताई दूरच्या वस्तीवर पोचते की नाही, हा प्रश्नही सामाजिकच आहे.

म्हणून ‘पण का?’ला आपण दुसरा प्रश्न जोडावा : ‘हा दुवा कोण तोडू शकेल, आणि कसा?’ सुरुवात जवळूनच करता येईल. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायची टीडी लस आपल्या शाळेत किती मुलांना मिळाली? कोणाचीही नावे न घेता मोजा. ज्यांना मिळाली नाही, त्यांना का नाही?